भेटीला न गेलेला बाप

हिरामण शेजवळ खोटं बोलेल, यावर ओझरात कुणाचा विश्वास बसला नसता. विमान कारखान्यात त्याने चौतीस वर्षं फिटरचं काम केलं. तिथे पाळी संपताना प्रत्येकाने आपल्या पेटीतली हत्यारं मोजून दाखवायची असतात. एखादा पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. एकदा त्याच्याच हातून एक बारका स्क्रू-ड्रायव्हर कुठेतरी राहून गेला, तेव्हा साहेबाने विचारायच्या आत त्याने स्वतः जाऊन सांगितलं होतं. निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या विहाराचा तो सचिव झाला. लोक घरातली भांडणं त्याच्यापुढे आणायचे, आणि तो जे म्हणेल ते दोन्ही बाजू मुकाट्याने ऐकायच्या.

त्याला एकच मुलगा होता, दीपक. अंगाने थोराड, बोलायला कमी, सातपूरच्या एका कंपनीत कामाला. २०२१ च्या डिसेंबरात वस्तीत एक वरात निघाली. डीजेपुढे नाचताना कुणाचा कुणाला धक्का लागला, शिवीगाळ झाली, आणि दीपकने मांडवाचा एक पाइप उचलून हर्षलच्या डोक्यात घातला. एकच घाव. हर्षल चोवीस वर्षांचा होता. त्याचा बाप दत्तू हा हिरामणबरोबर एकाच शेडमध्ये वीस वर्षं कामाला होता, आणि दोघांची घरं एकाच गल्लीत.

पोलिसांनी दीपकला त्याच रात्री धरून नेलं. हर्षल तिसऱ्या दिवशी गेला. हिरामण मातीला गेला, मागे उभा राहिला. परत आल्यावर त्याने सुमनला, म्हणजे आपल्या बायकोला सांगितलं, की आजपासून या घरात त्या पोराचं नाव निघणार नाही. दत्तूचं पोर मातीत गेलं, आणि आपण आपल्या पोराला भेटायला कोणत्या तोंडाने जायचं, असं त्याचं म्हणणं होतं. विहाराचं सचिवपदही त्याने त्याच आठवड्यात सोडलं.

सुमनने वाद घातला नाही. ती एकटीच जायला लागली. ओझरहून बस, पुढे नाशिकरोडला दुसरी बस, मग जेल रोडला उतरून तुरुंगाच्या फाटकापर्यंत चालत. अर्ज भरायचा, आधारकार्ड दाखवायचं, नाव पुकारेपर्यंत शेडमध्ये बसायचं आणि काचेपलीकडच्या मुलाशी वीस मिनिटं फोनवरून बोलायचं. परत आली की ती हिरामणला काही सांगायची नाही आणि तोही विचारायचा नाही. पण त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवते, हे त्याच्या लक्षात यायचं.

असं सव्वा वर्ष चाललं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमनला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिने जे पहिलं वाक्य धड उच्चारलं, ते असं होतं, "तुम्ही जा. एकदा तरी."

हिरामण गेला. खरंच गेला. खिडकीसमोरच्या रांगेत उभा राहिला, अर्ज घेतला, कैद्याचं नाव लिहिलं, आपलं नाव लिहिलं. पुढचा रकाना नात्याचा होता. तिथे पेन टेकवलं आणि त्याला दत्तू दिसला. समोर नव्हे, मनात, हर्षलच्या पायाशी बसलेला. मागचा माणूस आटपा म्हणाला. हिरामणने अर्ज घडी करून खिशात घातला आणि तो रांगेतून बाहेर पडला. नाशिकरोडच्या बसस्टँडवर तो दोन तास बसून राहिला.

घरी आला तेव्हा सुमन दाराकडे डोळे लावून होती. तिच्या तोंडाचा एक कोपरा अजून वाकडाच होता. तिने विचारलं, "भेटला?"

"भेटला," हिरामण म्हणाला. "बरा आहे."

त्या एका शब्दानंतर माघार घेता आली नाही. पंधरा दिवसांनी तिने पुन्हा पाठवलं. तो पुन्हा बसस्टँडवर बसला, आणि येताना काय सांगायचं ते जुळवून आला. दीपकचं वजन वाढलंय. त्याला सुतारकामाच्या कारखान्यात घेतलंय, पाट करायला शिकलाय. बराकीत कॅरममध्ये त्याला कुणी हरवत नाही. सुमन एकेक गोष्ट खोदून विचारायची, आणि हिरामण सांगत जायचा. आयुष्यभर कमी बोललेल्या माणसाला या गोष्टी कुठून सुचत होत्या, कोण जाणे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ती करत नसे, तेव्हा एकदा तो म्हणाला, "दीपक विचारत होता, आई हात हलवते का. रोज शंभर वेळा मूठ उघडमीट कर, असं सांगितलंय त्याने." दुसऱ्या दिवसापासून सुमन रबरी चेंडू हातात घेऊन मोजायला लागली. चार महिन्यांत तिला त्या हाताने पेला उचलता आला. तिने पुढच्या खेपेला निरोप धाडला, "सांगा त्याला, पेला उचलते म्हणावं."

तुरुंगातून आठवड्याला फोन यायचा, तो सुमनच्या मोबाइलवर. आजारपणापासून तो मोबाइल हिरामणच्या खिशात असे. फोन वाजायचा आणि तो अंगणात जाऊन वाजून थांबेपर्यंत उभा राहायचा. सुमनला त्याने सांगितलं, की फोनची सोय सध्या बंद आहे. काही आठवडे फोन येत राहिला. मग यायचा थांबला. पत्र लिहिणाऱ्यातला दीपक नव्हता. लिहिण्यात तो शाळेपासून कच्चा.

असे तेरा महिने गेले. हिरामणच्या मनात रोज यायचं, की पुढच्या खेपेला जाऊ. खटला उभा राहिला की जाऊ. साक्षीपुरावे झाले की जाऊ. पण खटला उभा राहण्याआधीच, २०२४ च्या मे महिन्यात, दीपकला ताप आला. तो मेंदूत गेला. सरकारी दवाखान्यात हलवलं, डॉक्टरांनी दोन दिवस शर्थ केली. हिरामणला निरोप मिळाला आणि तो तडक निघाला. या वेळी कुठे थांबला नाही. पोहोचला तेव्हा दीपकच्या अंगावर पांढरी चादर ओढलेली होती. कागदावर सही करताना त्याने नात्याच्या रकान्यात वडील असं लिहिलं. दीपक तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, आणि त्याच्या कानापाशी दोनचार केस पांढरे झाले होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. नातेवाईक आपापल्या घरी गेले. सुमन रडायची आणि रडताना म्हणायची, की निदान तुम्ही तरी त्याला भेटत होता, निदान त्याला एवढं तरी मिळालं. हिरामण ते ऐकून घ्यायचा.

तीन आठवड्यांनी दुपारी एक माणूस घर विचारत आला. साठीचा, येवल्याकडचा, कोंडाजी नावाचा. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीच्या खटल्यात दोन वर्षं आत होता आणि नुकताच निर्दोष सुटला होता. दीपकशेजारीच त्याची झोपायची जागा होती. जाता जाता त्याच्या बापाला चार शब्द सांगावेत म्हणून वाट वाकडी करून आला होता. हिरामणने त्याला पाणी दिलं. कोंडाजी पाणी प्यायला, मग त्याने खाटेवर बसलेल्या सुमनकडे पाहिलं.

"या कोण? मावशी का दीपकच्या?"

"मी आई," सुमन म्हणाली.

कोंडाजी गोंधळला. "त्याची आई तर वारली ना? तोच म्हनायचा."

हिरामण दारात उभा होता. तिथून त्याला ना आत येता आलं, ना बाहेर जाता आलं. कोंडाजीला काही कळत नव्हतं; तो आपला सरळ सांगत गेला. भेटीच्या दिवशी पोरगा सकाळीच अंघोळ करायचा, दाढी करायचा, धुतलेला शर्ट घालायचा आणि बराकीच्या दाराशी बसायचा. नावं पुकारली जायची, ह्याचं नाव काय निघायचं नाही. दुपार झाली की शर्ट काढून घडी करून ठेवायचा. लय महिने त्याने असं केलं. मग एके दिवशी तो जेवला नाही. कोंडाजीने विचारलं, तर म्हणाला, आई गेली असणार. ती असती तर आली असती. बाप सांगायलाही येणार नाही.

"मंग त्याने दाराशी बसायचं सोडलं," कोंडाजी म्हणाला.

सुमनने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. कोंडाजीला उशिरा का होईना, काहीतरी उमगलं. तो उठला, हात जोडले आणि निघून गेला.

"एकदाही नाही भेटलात?" सुमनने विचारलं.

"नाही."

"सुतारकाम?"

"नाही."

"कॅरम?"

हिरामणने मान हलवली.

"माझ्या हाताचं विचारायचा, ते?"

सुमनने आपला उजवा हात मांडीवर घेतला आणि ती कितीतरी वेळ त्या हाताकडे पाहत बसली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. आठ दिवसांनी तिने निफाडहून भावाला बोलावून घेतलं. पिशवी भरून झाल्यावर ती हिरामणला म्हणाली, "शेवटच्या वर्षातला माझा दीपक तुम्ही बनवलेला आहे. खरा कसा होता ते मला माहीत नाही. आणि आठवायला गेलं की तुम्ही बनवलेलाच आठवतो." मग भावाच्या खांद्याला धरून ती गाडीत बसली.

घर रिकामं झालं. काही दिवसांनी दत्तू आला. हर्षल गेल्यापासून दोघं बोलले नव्हते. तो पायरीवरच बसला. हिरामणने त्याला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "तुझ्याकडे बघून मी गेलो नाही, दत्तू."

दत्तूने मान वर केली. मग म्हणाला, "मी कधी तुला म्हणालो होतो, जाऊ नको?"

यानंतर हिरामण जेल रोडला जायला लागला. का जातो ते त्यालाही सांगता आलं नसतं. भेटीच्या दिवशी जायचं, शेडमधल्या बाकावर बसायचं आणि नावं पुकारलेली ऐकायची. तिथे कोपऱ्यात एका संस्थेचं टेबल असे. साधना नावाची वकील बाई ती चालवायची. कुणाला सरकारी वकील मिळवून दे, कुणाच्या घरचा पत्ता शोध, आईबाप दोघेही आत असलेल्या लेकरांची शाळा बघ, अशी कामं. झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत तिचं ऑफिस, आणि माणसं मिळून अडीच, असं ती स्वतःच म्हणायची. हा म्हातारा दर खेपेला येतो, अर्ज भरत नाही आणि संध्याकाळी उठून जातो, हे तिने चारपाच वेळा पाहिलं. एकदा एका म्हातारीला अर्ज भरता येत नव्हता, तेव्हा त्याने तो भरून दिला. साधनाने त्याला टेबलाशी बोलावलं आणि विचारलं, "काका, तुमचं कोण आहे आत?"

"आता कुणी नाही," हिरामण म्हणाला, आणि मग बोलत गेला.

साधनाने सगळं ऐकून घेतलं. तुमची चूक नाही, असं ती म्हणाली नाही. चूक आहे, असंही म्हणाली नाही. तिच्याकडे एक यादी होती: ज्यांना वर्षभरात घरचं कुणी भेटायला आलेलं नाही अशा कैद्यांची. सव्वीस नावं होती. ती म्हणाली, "या घरांना जाणारं माणूस माझ्याकडे नाही. बघा जमलं तर. एकच नियम आहे. आत जे पाहिलं तेवढंच घरी सांगायचं, आणि घरी जे पाहिलं तेवढंच आत. बरं वाटावं म्हणून पदरचं काही घालायचं नाही." हे बोलून झाल्यावर, आपण कुणाला सांगतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि ती ओशाळली. हिरामणने यादी घेतली.

तेव्हापासून तो हे काम करतोय. सिन्नर, दिंडोरी, मालेगाव, पार सुरगाण्याच्या डोंगरातले पाडेसुद्धा त्याने पालथे घातले. कुठे दार लावून घेतात, कुठे चहा देतात आणि विषय बदलतात. एका घरात सगळे म्हणाले की असा कुणी आमच्यात नव्हताच, आणि भिंतीवरच्या फोटोत तो होता. नाही म्हणण्यातला हट्ट कुठला आणि लाज कुठली, हे हिरामणला बसल्याबसल्या कळतं. सव्वीसांपैकी नऊ घरांतून माणसं आली. बाकीची नाही आली.

त्या नवांतले एक नांदगावचे सावळीराम गुरुजी. निवृत्त शिक्षक. त्यांची मुलगी पूजा नवऱ्याच्या मृत्यूच्या खटल्यात दीड वर्ष आत होती. पहिल्या खेपेला गुरुजींनी हिरामणला ओट्यावरूनच परत पाठवलं. म्हणाले, ती आम्हाला मेली. दुसऱ्या खेपेला बसू दिलं. तिने ते केलं असेल की नाही, हे मला ठाऊक नाही आणि ते ठरेपर्यंत मी जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हिरामणने तेव्हा पहिल्यांदा एका परक्या घरात दीपकची गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही, बसस्टँडसुद्धा. शेवटी एवढंच म्हणाला, "गुरुजी, माझ्या मुलाने केलंच होतं. तरी मी कोर्टात ते ठरेपर्यंत थांबलो. ते ठरलंच नाही."

त्या दिवशीही हिरामण रिकाम्या हातानेच परतला. पण महिन्याभराने ते एकटेच जेल रोडला आले, इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून. हिरामणने त्यांचा अर्ज भरायला घेतला. नाव झालं, गाव झालं. नात्याच्या रकान्याशी तो थांबला आणि गुरुजींकडे पाहत राहिला. गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली.

"बाप लिहा," ते म्हणाले.

वीस मिनिटांनी ते बाहेर आले आणि बाकावर बसले. हिरामणने पाण्याची बाटली पुढे केली. गुरुजींनी ती हातात धरून ठेवली. "मी काही बोलूच शकलो नाही," ते म्हणाले. "तिनेच विचारलं, अण्णा, सकाळपासून काही खाल्लंत का." मग टोपीने डोळे पुसून त्यांनी नांदगावची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

हिरामण त्यांना बसपर्यंत सोडायला गेला. परत येऊन तो शेडमागच्या भिंतीशी उभा राहिला. साधनाने शेडच्या खिडकीतून पाहिलं, पण ती बाहेर आली नाही.

या कामात त्याला आणखी एक गोष्ट साधता आली. आत दीपकबरोबर राहिलेली माणसं सुटून बाहेर यायची. त्यांचे पत्ते काढून तो त्यांना गाठायचा आणि दीपक कसा होता ते विचारायचा. फार काही मिळायचं नाही. कुणी म्हणे, केळी मिळायची तेव्हा तो आपलं केळं शेजारच्या आजारी माणसाला द्यायचा. कुणी म्हणे, झोपेत दात खायचा. एकाने सांगितलं, की मारामारीचा विषय निघाला की उठून जायचा, आणि हर्षलचं नाव घेऊन एकदा खूप रडला होता. असं काही हाती लागलं, की हिरामण निफाडची बस धरायचा.

मेहुण्याच्या घराच्या ओसरीवर त्याला बसू द्यायचे. सुमन बाहेर येऊन खुर्चीवर बसायची. तो सांगायचा. सांगून झालं की ती म्हणायची, "खरंच?"

"खरंच."

तेवढ्याने तिचं भागायचं नाही. ज्याने सांगितलं त्याचं नाव, गाव आणि फोन नंबर ती मागून घ्यायची. हिरामणच्या समोरच त्या माणसाला फोन लावायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारायची. केळ्याचं तिने तीनदा विचारलं. पलीकडचा माणूस हो म्हणाला, की ती फोन ठेवून द्यायची. हिरामण तिच्याकडे न बघता अंगणातल्या शेवग्याकडे बघत राहायचा. मग ती आत जायची आणि तो उठायचा. घरी परत ये, असं त्याने कधी म्हटलं नाही. त्याला तो हक्क उरलाय, असं त्याला वाटत नव्हतं.

दीड वर्षात असे सात जण सापडले. आठवा धुळ्याकडे होता, पण त्याला दीपक आठवतच नव्हता. मग गाठता येईल असं कुणी उरलं नाही. जे उरले ते दूरच्या तुरुंगांत हलवले गेले होते, किंवा पत्ता न ठेवता निघून गेले होते.

या जानेवारीत, थंडी पडलेली असताना, हिरामण निफाडला गेला. ओसरीवर बसला. सुमन आली, शाल सावरून खुर्चीवर बसली आणि सवयीने तिने मोबाइल मांडीवर घेतला.

"आज काही नाही," हिरामण म्हणाला. "आता सांगणारं कुणी राहिलं नाही."

सुमनने त्याच्याकडे पाहिलं. या वेळी तिने खरंच का असं विचारलं नाही. मोबाइल तसाच मांडीवर ठेवून ती बसून राहिली, आणि ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत दोघांपैकी कुणीच उठलं नाही.